पाण्याची पाळी आणि ड्रममधल्या अळ्या

श्रावण लागता लागता चार घरांत तापाची माणसं झोपली की आमच्या भागात संध्याकाळी धूरगाडी येते. आधी फटफट आवाज, मग डिझेलचा वास, मग पांढरा लोट. पोरं त्या लोटात घुसून पळतात, बायका खटाखट दारं-खिडक्या लावून घेतात, म्हातारी माणसं तोंडावर उपरणं धरतात. कुणीतरी फोटो काढतं. तासाभरात तो प्रभागाच्या ग्रुपवर येतो आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. काम झालं.

खरंच झालं का? डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी दिवसा चावते आणि बरीचशी घरातच राहते. दोरीवरच्या कपड्यांमागे, पलंगाखाली, कपाटाच्या अंधाऱ्या बाजूला. म्हणजे धूर नको म्हणून ज्या घराची दारं आपण लावून घेतली, त्याच घरात ती सुखरूप बसलेली असते. धुराने डास मरतच नाहीत असं माझं म्हणणं नाही. साथ भडकलेली असताना विषाणू घेऊन उडणारे डास पटकन कमी करायला त्याला जागा आहे. पण हवेतला डास मरतो त्या घटकेला मोरीजवळच्या ड्रममधे त्याची पुढची पिढी निवांत वळवळत असते. धूर तिच्यापर्यंत पोचतही नाही. दोन दिवसांनी नवे डास तयार, आणि गाडी गेलेली दुसऱ्या प्रभागात.

डास मारायचा तर तो पाण्यात मारायला हवा. हे मी काही नवीन सांगत नाही, आरोग्य खात्याची पत्रकंही हेच सांगतात. मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं. खान्देशात हे काम आरोग्य विभागाचं म्हणून बाजूला ठेवता येणार नाही, ते पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाला बांधलं पाहिजे. आणि त्यासाठी लागणारं हत्यार आज उपलब्ध आहे. त्याचं नाव ऐकून कापूसवाल्यांच्या कपाळाला आठी पडेल, पण ते नाव आहे बीटी.

आधी पाण्याचं बोलू. जळगाव-धुळ्याकडच्या कित्येक शहरांत नळ रोज येत नाही. कुठे तीन दिवसांआड, कुठे चार, आणि उन्हाळ्यात काही ठिकाणी आठवडा उलटून जातो. म्हणून इथल्या प्रत्येक घरात दोनशे लिटरचे निळे ड्रम असतात, मोरीला सिमेंटचा हौद असतो, गच्चीवर काळी टाकी असते, आणि नळाच्या दिवशी रिकामी राहिली तर पाप लागेल अशा थाटात बादल्या, पातेली, कढया सगळं भरून निघतं. पारा पंचेचाळीसला टेकतो त्या दिवसांत कूलरशिवाय झोप लागत नाही. पाऊस पडला की कूलर बंद होतो, पण त्याच्या टपातलं पाणी पोळ्यापर्यंत तसंच असतं. डेंग्यूच्या डासाला याहून चांगलं माहेर कुठे मिळणार?

यावर सरकारी उपाय एक, आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळा. सगळी भांडी रिकामी करा, घासा, वाळवा. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. आमच्या गल्लीत आशाताई तो सांगायला आल्या तेव्हा समोरच्या मावशींनी कमरेवर हात ठेवून विचारलं, “आठ दिनमा एकदाव नय येस, आनि तुम्ही सांगतस पानी फेकी द्या?” आशाताईंकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या घरी नळ त्याच दिवशी येतो, त्या तरी काय बोलणार. ज्या गावात रोज पाणी येतं तिथे कोरडा दिवस हा शिस्तीचा प्रश्न असेल. आमच्याकडे तो चेष्टेचा विषय आहे.

आता डासाचं गणित बघा, कारण सगळी गोम त्यात आहे. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला ती चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी चढून त्यांच्यावर आलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, काथ्याने भिंत घासावी लागते. आणि म्हणूनच ड्रममधलं पाणी आठवडाभर खाली-खाली जातं, मावशी तळाशी वाकून तांब्याने काढतात, वरच्या कोरड्या भिंतीवर अंडी थांबलेली असतात. मग नळ येतो. ड्रम काठोकाठ भरतो. त्याच दिवशी अंडी फुटतात. पावसाळ्यातल्या उकाड्यात अळी पाच-सहा दिवस खाते, मग कोष होते, मग दोनेक दिवसांत डास बाहेर. पुढचा नळ येण्याच्या आत एक अख्खी पिढी उडालेली.

म्हणजे आमच्या गावात डासाच्या जन्माची तारीख पालिकेचा व्हॉल्वमन ठरवतो. कोणत्या गल्लीत अळ्या कोणत्या वारी फुटणार हे त्याच्या वहीत लिहिलेलं असतं, फक्त ती वही त्या नजरेने कुणी वाचत नाही.

आता बीटी. बॅसिलस थुरिन्जिएन्सिस हा मातीत सापडणारा जिवाणू. जपानमधे इशिवाता यांना तो १९०१ मधे आजारी रेशीमकिड्यांत मिळाला, पुढे १९११ मधे जर्मनीच्या थुरिंगियात बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या अळीत, आणि त्या प्रांतावरून नाव पडलं. कापसाच्या बियाण्यात ज्याचं जनुक घातलं तो हाच जिवाणू. पण त्याचे वाण अनेक, आणि प्रत्येकाचं विष वेगळ्या किड्यासाठी. १९७६ मधे इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात योएल मार्गालिथ आणि लिओनार्ड गोल्डबर्ग यांना एका डबक्यात क्युलेक्स डासाच्या मेलेल्या अळ्यांचा खच दिसला. त्या अळ्यांमधून जो वाण वेगळा काढला तो ‘इस्राएलेन्सिस’, थोडक्यात बीटीआय. यात जनुकबदल वगैरे काही नाही. जिवाणू जसा डबक्यात सापडला तसाच वाढवायचा, वाळवायचा, पुडीत भरायचा.

हा जिवाणू बीजाणू बनवताना सोबत प्रथिनांचा एक खडा तयार करतो, इतका बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसायचा नाही. अळीचं खाणं म्हणजे तोंडाजवळचे केस हलवून पाणी गाळणं. त्यात हा खडाही पोटात जातो. डासाच्या अळीचं आतडं चांगलंच अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, साबणाच्या पाण्यासारखं उग्र, सामू (पीएच) दहाच्या आसपास. तिथे खडा विरघळतो, अळीचेच पाचकरस त्या प्रथिनाचे तुकडे करतात आणि मग ते तुकडे खरं विष होतात. आतड्याच्या पेशींना भोकं पडतात, पेशी फुगून फुटतात, आणि बहुतेक अळ्या दिवसभरात संपतात. आपल्या जठरात आम्ल असतं आणि आपल्या पेशींवर त्या विषाला बसायला तशी खुंटीही नाही. कुलूप अळीच्या पोटात आहे, किल्लीही तिथेच बनते. मासे, गुरं, मधमाश्या यांना ते लागू पडत नाही.

आमच्या ओळखीचे एक जिभाऊ हिवताप विभागातून निवृत्त झाले. त्यांनी चमचाभर भुकटी दिली आणि म्हणाले, स्वतः बघ. मी लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या घेतल्या, दोन्हींत घरामागच्या टाकीतलं पाणी आणि मोजून वीस-वीस अळ्या. सावली पडली की त्या मुंडी हलवत खाली पळायच्या, मग एकेक करून वर येऊन शेपटाकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून उलट्या लटकायच्या. एका बरणीत चिमटीच्या टोकावर मावेल एवढी भुकटी टाकली. पाणी किंचित गढूळ झालं, आंबूस वास आला. रात्री झोपताना काही अळ्या मंदावल्या होत्या. सकाळी सतरा तळाला, सरळ, दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या. तीन मात्र वर टुणटुणत होत्या. नीट पाहिलं तर त्या अळ्या नव्हत्याच, स्वल्पविरामासारखे वाकलेले कोष होते. कोष काही खात नाही, मग विष पोटात जाणार कसं? तिसऱ्या दिवशी बरणीच्या झाकणाखाली तीन डास बसलेले. पाय पट्ट्यापट्ट्यांचे.

त्या तीन डासांनी मला जे शिकवलं ते पत्रकात सापडलं नव्हतं. हे औषध उशिरा टाकलं तर वाया जातं. अंडी फुटल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत टाकलं तरच ते सगळं झाडून काढतं. म्हणजे पुन्हा व्हॉल्वमनची वही. नळानंतर दुसऱ्या दिवशी त्या गल्लीत पुडी गेली पाहिजे. ‘जुलैचा पहिला आठवडा – फवारणी मोहीम’ असल्या फलकांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हे सगळं ऐकून आमच्या गावाकडचे आप्पा म्हणाले, बीटीचं कौतुक आम्हाला सांगू नको. त्यांचा राग मला कळतो. मार्च २००२ मधे बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मधे दोन जनुकांचं वाण आलं. पहिली काही वर्षं फवारण्या कमी झाल्या, बोंडं भरली. मग गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला दाद देईनाशी झाली आणि पुढे दुसऱ्यालाही. २०१७ मधे आपल्या महाराष्ट्रात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी आणि किडकी सरकी, असा हंगाम गेला. फुलं डोमकळी होऊन मिटलेलीच राहिली. त्याला कंपनी जबाबदार, सरकार जबाबदार, सगळं खरं. पण पाकिटासोबत आलेली नॉन-बीटीची पुडी आपल्यापैकी किती जणांनी लावली? आमच्या घरची तर वर्षानुवर्षं धान्याच्या कोठीमागे पडून होती. भोवतीच्या ओळी साधी सरकी लावायच्या, म्हणजे विषाची सवय न लागलेल्या अळ्या शिल्लक राहतील आणि सवय लागलेल्यांशी त्यांचा संकर होत राहील, हा हिशेब कुणी बांधावर येऊन समजावला नाही. वर फरदड ठेवली, फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापूस उभा. अळीला बारमाही खानावळ.

म्हणून मी आप्पांना उलट म्हणतो की बीटीआय नीट वापरायचं कसं हे पुण्या-मुंबईपेक्षा खान्देशाला जास्त कळायला हवं. आपण त्या शाळेची फी भरलेली आहे.

दोन्हींत एक फरक मात्र आहे आणि तो मोठा आहे. कापसात आधी एक विष होतं, नंतर दोन. बीटीआयच्या खड्यात मुख्य चार विषं एकत्र असतात. त्यातलं सायट नावाचं प्रथिन तर जिथे खुंटी नाही तिथे दुसऱ्या विषासाठी खुंटी होऊन बसतं. कॅलिफोर्नियाच्या रिव्हरसाइड विद्यापीठात क्युलेक्सच्या पिढ्यांमागून पिढ्यांना यातलं एकेक विष वेगळं देऊन पाहिलं तेव्हा त्या लवकर निगरगट्ट झाल्या. सायटसकट सगळा संच दिला तेव्हा जवळपास झाल्याच नाहीत. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठाने हे औषध १९८०च्या दशकापासून वापरात आहे आणि अजून चालतं. पश्चिम आफ्रिकेत नदीकाठच्या चावऱ्या काळ्या माश्यांमुळे माणसं आंधळी होत. तिथे टेमेफॉस या रासायनिक अळीनाशकाला माश्या जुमानेनात तेव्हा बीटीआय मदतीला आलं.

पण त्याच कुळातल्या दुसऱ्या औषधाचं आपल्याच देशात काय झालं तेही लक्षात ठेवावं. स्फेरिकस नावाचा जिवाणू घाण पाण्यात जास्त टिकतो, म्हणून हत्तीरोगाचा डास मारायला तो गटारींसाठी सोयीचा. कोचीत तोच एक सतत वापरला आणि तिथला क्युलेक्स त्याला भलताच पक्का झाला. हा अहवाल १९९५ मधला आहे. त्याचं विष मूळ एकच जोडी, अळीला पाठ करायला सोपी. तेव्हा गटारीत वर्षभर एकच पुडी ओतत राहणं म्हणजे नॉन-बीटीची पुडी कोठीमागे टाकण्यासारखंच. औषधं आलटून-पालटून, आणि कोणत्या महिन्यात काय टाकलं याची नोंद. ती नोंद आज बहुतेक ठिकाणी ‘औषध फवारले’ एवढ्या दोन शब्दांत संपते.

आता कुणी म्हणेल, आरोग्य सेवक ड्रममधे अ‍ॅबेट टाकतातच की. टाकतात. ते टेमेफॉस, शेतकऱ्याच्या ओळखीच्या ‘मोनो’ म्हणजे मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्याच खानदानातलं. अगदी कमी मात्रेत देतात, आणि त्यामुळे लाखो ड्रम सुरक्षित झाले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कित्येक देशांत एडिस त्याला सरावला आहे. आणि आमच्याकडची खरी अडचण वेगळी. माणूस फाटकाबाहेर पडला की बाई ड्रम उपसून मोरीत ओततात, कारण पाण्याला वास येतो. मग पाणीही गेलं आणि औषधही.

पिण्याच्या पाण्याचा मुद्दा मात्र हळुवार हाताळायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या बीटीआयचा विचार केला तेव्हा भर दिला तो उत्पादन स्वच्छ असण्यावर. खड्याचं विष आपल्याला लागत नाही, पण कारखान्यात वाढवताना दुसरेच जंतू घुसले तर? म्हणून पालिकेने स्वस्त मिळालं म्हणून कुणाचीही भुकटी उचलू नये. पुदुच्चेरीच्या वेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने या वाणाचं देशी उत्पादन बसवून दिलं त्याला बरीच वर्षं झाली. माल मिळत नाही ही सबब नाही. आणि आपल्या घरांत पिण्याचं पाणी तसंही वेगळं असतं, झाकलेल्या माठात किंवा हंड्यात, दोन दिवसांत संपणारं. अळ्या होतात त्या वापरायच्या पाण्यात. सुरुवात तिथून करावी, माठाला हात लावूच नये.

आणखी एक कुंपण. हे औषध धरणांत, नदीत, पाणथळीत ओतायला कुणी निघालं तर मी पहिला विरोध करीन. फ्रान्सच्या कामार्गच्या दलदलीत डासांसाठी ते फवारलं तेव्हा डासांचे चुलतभाऊ, ते न चावणारे बारके चिलटासारखे कीटकही कमी झाले. ते खाऊन पिल्लं वाढवणाऱ्या पाकोळ्यांच्या घरट्यांत पिल्लं कमी जगली. आपल्याकडे हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात येणारे पक्षी बघायला लांबून लोक येतात. तिथे एडिस नाहीच. तो आहे कूलरमधे, गच्चीवरच्या टायरमधे, हौदात. औषध तिथेच.

सातपुड्याचं पुन्हा वेगळं. धडगाव-अक्कलकुव्याकडचा हिवताप ओढ्या-झऱ्यांच्या कडेच्या डबक्यांतून येतो आणि पाडे डोंगरभर विखुरलेले. तिथे मच्छरदाणी आणि वेळेवर रक्ततपासणी यांचंच मोल जास्त. शहराचा उपाय तिथे चिकटवू नये एवढं म्हणून मी पुढे जातो.

गप्पी मासेही आहेतच. हौदात, विहिरीत जरूर सोडा, बीटीआयने त्यांना काही होत नाही. फक्त ड्रम दर आठवड्याला तळाशी जातो, तिथे बिचारे तांब्यात येतात.

तर मागणी अशी. पाणीपुरवठ्याच्या खर्चात अळीनाशकाचा खर्च धरा. पालिका आठ दिवसांनी पाणी देणार असेल तर त्या आठ दिवसांत साठवलेल्या पाण्याची जबाबदारी निम्मी तिचीही आहे. ती सगळी बाईच्या माथी मारून तिच्याच ड्रममधे अळी सापडली म्हणून तिला नोटीस चिकटवायची, हा कुठला न्याय? नळाचं वेळापत्रक आणि पुडीचं वेळापत्रक एकाच कागदावर छापा. धूरगाडी ठेवा, पण रुग्ण सापडलेल्या घराभोवती आणि घराच्या आतही, फोटोसाठी हमरस्त्यावर नको. आणि नळ रोज यायला लागेल त्या दिवशी पुडी बंद करा. मला त्या दिवसाची घाई आहे, पण टाक्या-जलवाहिन्यांची कामं किती वर्षं ‘अंतिम टप्प्यात’ असतात हे मी बघतो आहे.

आमच्या व्हॉल्वमनला मी विचारलं, तुमच्या सायकलीला पुड्यांची पिशवी लावली तर नळ सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी एक चक्कर माराल का? तो भला माणूस. चावीचा लोखंडी दांडा खांद्यावरून उतरवून म्हणाला, “मना काय, मी फिरसच. पन मंग मच्छरबी पाळीवरच मरतीन ना भो.”

आमच्या गल्लीचा नळ परवा, गुरुवारी येणार आहे. जिभाऊंच्या भुकटीतली थोडी उरली आहे. शुक्रवारी सकाळी मावशींच्या ड्रममधे टाकायची ठरली आहे. त्यांनी एकाच अटीवर हो म्हटलं. आधी मी ती माझ्या ड्रममधे टाकून दाखवायची.